नवे राजदूत पुण्यात येतात तेव्हा: स्वागताची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी

'आमचे नवे राजदूत पुढच्या महिन्यात पुण्यात येत आहेत, आपल्या संस्थेला तासभर भेट द्यायची त्यांची इच्छा आहे' असा निरोप दूतावासाकडून आला की संस्थेत एकदम लगबग सुरू होते. कुणाला ढोलताशा हवा असतो, कुणाला पगडी, कुणी लगेच शालीचा रंग ठरवायला बसतं. आणि हे सगळं जुळवायची जबाबदारी येते ती बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या प्राध्यापकावर, जनसंपर्क पाहणाऱ्या मुलीवर किंवा मंडळाच्या नव्या चिटणिसावर. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पुण्यात ही वेळ कधीही येऊ शकते. परदेशी भाषा शिकवणाऱ्या संस्था, विद्यापीठाचे विभाग, भांडारकर आणि डेक्कन कॉलेजसारख्या संशोधनसंस्था, चाकणचे कारखाने आणि शहरात शिकणारे परदेशी विद्यार्थी, यांपैकी कशासाठी ना कशासाठी नवे राजदूत इकडे येतातच. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो. पाहुण्याला एका क्षणासाठीही 'आता मी काय करायचं?' असा प्रश्न पडता कामा नये. त्यांना जे जे करावं लागणार आहे, ते त्यांना आधी कळलेलं असलं पाहिजे. राजशिष्टाचाराचे सगळे नियम शेवटी याच एका गरजेतून आलेले आहेत.

पहिली पायरी: ते पदावर आले आहेत का, हे पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. राजदूत दिल्लीच्या विमानतळावर उतरले म्हणजे लगेच पूर्ण अर्थाने राजदूत झाले, असं नसतं.

क्रम असा असतो. आधी पाठवणारा देश यजमान देशाला गुपचूप नाव कळवतो आणि संमती मागतो. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या चौथ्या कलमात हे आहे. यजमान देश नकार देऊ शकतो आणि नकाराचं कारण सांगायला तो बांधील नाही. म्हणूनच नाव जाहीर होण्याआधी ही बोलणी बंद दाराआड होतात. संमती मिळाली की नेमणूक जाहीर होते, राजदूत येतात, आणि आपल्या परिचयपत्राची प्रत परराष्ट्र मंत्रालयाकडे देतात. मूळ पत्र मोहोरबंद असतं. ते एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाला लिहिलेलं असतं, आणि त्याचा गाभा एवढाच की हा आमचा माणूस आमच्या वतीने जे बोलेल त्यावर आपण विश्वास ठेवावा. बंद पत्र राष्ट्रपतींखेरीज कुणी उघडायचं नाही, म्हणून मंत्रालयासाठी वेगळी प्रत. आधीच्या राजदूतांना परत बोलावल्याचं पत्रही बहुधा याच वेळी सादर होतं.

मग येतो मुख्य सोहळा. राष्ट्रपती भवनातल्या अशोक मंडपात (२०२४ पर्यंत याला अशोक हॉल म्हणत, आणि ब्रिटिश काळात इथे नाच होत असे) नवे राजदूत राष्ट्रपतींच्या हाती ते पत्र देतात. एकाच दिवशी अनेक देशांचे राजदूत असतात, आणि आधी कोण हा प्रश्न ते कोणत्या तारखेला नि कोणत्या वेळी देशात पोचले यावर सुटतो. देश मोठा की छोटा याला इथे काडीची किंमत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १६६१ साली लंडनमध्ये फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांच्या माणसांत कुणाची बग्गी पुढे जाणार यावरून भर रस्त्यात मारामारी होऊन माणसं मेली होती. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत राजदूतांच्या श्रेणी ठरल्या आणि ज्येष्ठता आगमनाच्या क्रमावर टाकली गेली, तेव्हा कुठे हे भांडण मिटलं.

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. लंडनमध्ये नव्या राजदूतांना आजही राजघराण्याची घोड्यांची बग्गी न्यायला येते. टोकियोत रेल्वे स्थानकाजवळून राजवाड्यापर्यंत बग्गीतून नेतात, आणि लोक रस्त्याकडेला उभे राहून पाहतात. आपल्याकडे २१ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, सात देशांच्या राजदूतांनी पहिल्यांदाच व्हिडिओद्वारे परिचयपत्रं सादर केली. काळ कितीही अडचणीचा असो, हा विधी टाळला गेला नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आता आपल्या कामाचं. परिचयपत्र सादर होईपर्यंत पाहुणे 'नियुक्त राजदूत' असतात आणि जाहीर कार्यक्रम बहुधा टाळतात. त्यामुळे आमंत्रणपत्रिका छापण्याआधी दूतावासाला सरळ विचारा: परिचयपत्र सादर झालं आहे का, नसेल तर अंदाजे कधी? यात संकोच करू नका. त्यांना हा प्रश्न अपेक्षितच असतो, उलट तुम्हाला काम कळतं याची खात्री पटते.

दुसरी पायरी: येणार कोण, नाव कसं घ्यायचं

राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रतिनिधी 'उच्चायुक्त' असतात, बाकीच्यांचे 'राजदूत'. मान सारखाच. श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, केनिया यांच्या प्रतिनिधीला पत्रिकेत राजदूत लिहिलं तर ती चूक ठरते. राजदूत जागेवर नसताना कारभार पाहणारे ते प्रभारी. मुंबईत बसतात ते महावाणिज्यदूत. ते राष्ट्रपतींना परिचयपत्र देत नाहीत, त्यांना भारत सरकारकडून कामाचं मान्यतापत्र मिळतं. आणि पुण्यात काही देशांचे मानद वाणिज्यदूत आहेत, जे बहुधा इथलेच उद्योजक किंवा प्रतिष्ठित नागरिक असतात. राजदूत आले की महावाणिज्यदूत आणि मानद वाणिज्यदूत दोघंही सोबत असण्याची शक्यता धरूनच चाला आणि पहिल्या रांगेत त्यांच्या खुर्च्या ठेवा. मानद वाणिज्यदूत आपल्या रोजच्या ओळखीतले असतात म्हणून त्यांना मागे बसवणं बरोबर नाही. त्या तासाभरात ते त्या देशाचे असतात.

नावाकडे या. जपान, चीन, कोरिया, हंगेरी, व्हिएतनाम इथे आडनाव आधी असतं, पण परदेशी कागदपत्रांत काही जण ते उलटवून लिहितात. स्पॅनिश भाषक देशांत दोन आडनावं असतात, आणि हाक मारताना बहुधा त्यातलं पहिलं घेतात, शेवटचं नव्हे. आइसलँडमध्ये आणि इथिओपियात आडनाव अशी चीजच नसते. पुढे वडिलांचं नाव लागतं, म्हणून माणसाला त्याच्या स्वतःच्या नावानेच संबोधायचं. इतकं सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. दूतावासातल्या सचिवांना सांगा, 'नावाचा उच्चार मोबाइलवर बोलून पाठवा.' तो ऐकून देवनागरीत, अक्षर तोडून, सूत्रसंचालकाच्या कागदावर मोठ्या टाइपात लिहा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून ते मोठ्याने म्हणवून घ्या. समोर बोलताना 'युवर एक्सलन्सी', मराठी निवेदनात 'सन्माननीय राजदूत महोदय' किंवा 'महोदया'. राजदूत बाई असतील तर सोबत येणारे त्यांचे पती असू शकतात, हे पत्रिका लिहिताना लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: तारीख आणि पत्रव्यवहार

पंचांग उघडा. आषाढी वारीच्या पालख्या ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मध्यवस्तीत गाड्यांचा ताफा नेणं जवळजवळ अशक्य. पाहुण्यांना उत्सव पाहायचाच असेल तर गोष्ट वेगळी, मग सगळा कार्यक्रम त्याभोवतीच बांधा. पाहुण्यांच्या देशाचा राष्ट्रीय दिन, त्यांचा उपासाचा महिना, त्यांच्याकडचा राष्ट्रीय दुखवटा, हेही पाहा.

लेखी कळवायचं कुणाला? जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचार शाखेला, पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेला, आणि तुमच्या संस्थेच्या वरच्या कार्यालयाला. पत्रात तारीख, वेळ, मार्ग, सोबतच्या लोकांची यादी, गाड्यांचे क्रमांक. भेट खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा अन्य लष्करी संस्थेत असेल तर ती परवानगी निराळ्या वाटेने, केंद्रीय मंत्रालयामार्फत जाते; तुमच्या पत्राने ते होत नाही. लोहगावचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तेव्हा विमानापाशी छायाचित्रं काढायचा बेत मनातून काढून टाका. हार-गुच्छ जे काय असेल ते इमारतीबाहेर किंवा सरळ संस्थेच्या दारात.

चौथी पायरी: ध्वज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त मन दुखतं ते इथे.

व्यासपीठावर उभे राहा आणि प्रेक्षकांकडे तोंड करा. तुमच्या उजव्या हाताला भारताचा ध्वज, डावीकडे पाहुण्यांचा. प्रेक्षकांना तिरंगा त्यांच्या डावीकडे दिसेल आणि कुणीतरी मध्येच येऊन 'अहो, उलटं झालंय' म्हणून तो हलवेल. हलवू देऊ नका. मांडणीचा फोटो काढून ठेवा आणि मंडपवाल्यालाही दाखवा. दोन्ही ध्वज सारख्या आकाराचे, स्वतंत्र काठ्यांवर, एकाच उंचीवर. एकाच काठीवर दोन ध्वज कधीही नाहीत. अनेक देशांचे ध्वज रांगेत असतील तर तिरंगा त्याच उजव्या टोकाला, आणि बाकीचे देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. दोन ध्वज भिंतीवर काठ्या एकमेकींवर आडव्या टाकून लावायचे असतील तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला आणि त्याची काठी वर, म्हणजे दुसऱ्या काठीच्या पुढे. टेबलावरच्या छोट्या ध्वजाचं ठरलेलं माप १५० बाय १०० मिलिमीटर आहे. पाहुण्यांचा ध्वज त्याच मापाचा घ्या, नाहीतर एक मोठा नि एक छोटा दिसतो.

पाहुण्यांचा ध्वज बाजारातून किंवा इंटरनेटवरचं चित्र छापून आणू नका, दूतावासाकडून मागवा. सांगायचं कारण असं की पोलंडचा ध्वज उलटा लावला की इंडोनेशियाचा होतो. आयर्लंडचा आडव्या दिशेने फिरला की कोत दिव्वारचा होतो. रुमानिया आणि चाडचे ध्वज लांबून ओळखू येत नाहीत. फिलिपिन्सचा ध्वज उलटा, म्हणजे तांबडा रंग वर, लावणं ही युद्धाची खूण मानली जाते. काही ध्वज बदलतातही: मॉरिटानियाने २०१७ मध्ये आपल्या ध्वजाला वर-खाली तांबडे पट्टे जोडले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉल संघासमोर पडद्यावर दक्षिण कोरियाचा ध्वज झळकला आणि खेळाडू मैदानातून निघून गेल्या, सामना तासभर उशिरा सुरू झाला. इतक्या मोठ्या आयोजकांकडून हे होतं, तर आपण दोनदा तपासायला हवं.

राजदूतांच्या स्वतःच्या गाडीवर त्यांचा ध्वज ते आत बसलेले असतानाच फडकतो. तुम्ही पाठवलेल्या गाडीवर उत्साहाने तिरंगा लावू नका. गाडीवर तो कुणी लावायचा हे ध्वजसंहितेत नावानिशी ठरलेलं आहे आणि आपण त्या यादीत नाही.

रांगोळी काढणाऱ्या मुलींना आधीच सांगा: ध्वज किंवा राजमुद्रा रांगोळीत नको. ज्यावर पाऊल पडू शकतं तिथे कुणाच्याच देशाचं चिन्ह नको. त्या देशाचं राष्ट्रीय फूल काढलं तर फार गोड दिसतं. लहान मुलांच्या हातात कागदी झेंडे दिले असतील तर कार्यक्रम संपल्यावर ते परत गोळा करायला दोन स्वयंसेवक दारात टोपली घेऊन उभे करा. पायदळी पडलेला एक कागदी झेंडासुद्धा सगळ्या स्वागताचा रंग उडवतो.

राष्ट्रगीतं वाजवायची का, कोणतं आधी, हे दूतावासाशी लेखी ठरवा. तासाभराच्या साध्या भेटीत त्यांची गरज नसते. वाजवायची ठरलीच तर त्यांची ध्वनिफीत त्यांच्याकडूनच घ्या. २०१२ मध्ये कुवेतच्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या सुवर्णपदक विजेत्या खेळाडूसमोर एका विनोदी चित्रपटातलं बनावट 'राष्ट्रगीत' वाजलं होतं.

पुण्याला हे नवीन नाही

परदेशी वकिलाचं (तेव्हा राजदूताला वकील म्हणत) स्वागत हे या शहराचं जुनं काम आहे. १७८६ साली चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. पुढे मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली, आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी ती जळाली. १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह झाला तेव्हा सवाई माधवराव पेशव्यांचा जो दरबार भरला, तो थॉमस डॅनियलने नंतर भल्या मोठ्या तैलचित्रात रंगवला. शनिवारवाड्याचा आतला भाग १८२८ च्या आगीत गेला, आता फक्त जोती उरली आहेत. पण पाहुण्यांना तिथे नेलंत तर ही हकिगत जरूर सांगा. मराठ्यांचे वकीलही बाहेर होते: दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. दरबार संपताना अत्तर, गुलाब, पान देऊन निरोप देण्याची रीत तेव्हापासूनची. कार्यक्रमाच्या शेवटी चांदीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडणं आणि विडा देणं मला आजही शाल-श्रीफळापेक्षा जास्त शोभिवंत वाटतं. मात्र विड्यात तंबाखू नको, सुपारीही विचारूनच.

पाचवी पायरी: दारातलं स्वागत

सनई, तुतारी, ढोलताशा. पुण्याचं पथक पाहुण्यांना आवडतंच, पण बंद पोर्चमध्ये पंचवीस ढोल म्हणजे कानाला इजा. मोकळ्या पटांगणात, गाडीपासून लांब, दोन-तीन मिनिटं. तुतारी एकदाच, पाहुणे उंबरठ्यावर पोचताना. गाडीचं दार उघडण्याच्या क्षणाला तुतारी फुंकली तर माणूस दचकतो.

औक्षण करायचं असेल तर आधी दूतावासाला दोन ओळी लिहा: ताम्हणात निरांजन असतं, कपाळाला कुंकू लावतात, ओवाळताना दहा-पंधरा सेकंद स्थिर उभं राहायचं, अक्षता डोक्यावर टाकतात. काहींना धर्माच्या कारणाने कुंकू नको असतं, काहींना डोक्याला हात लागणं चालत नाही. थायलंड, कंबोडिया, लाओस या देशांत डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात. त्यांच्याकडून 'नको' आलं तर वाईट वाटून घेऊ नका, हातात फूल द्या आणि नमस्कार करा. तेवढ्यानेही स्वागत पुरतं. औक्षण करणाऱ्या बाईंनी ताम्हण पाहुण्यांच्या चेहऱ्याच्या फार जवळ न्यायचं नाही. पाश्चात्त्य पाहुणे उंच असतात, हात उंचावताना ज्योत त्यांच्या टायपाशी येते. बाईंना एका पायरीवर उभं करा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आता पगडी. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा आपल्याला अभिमान आहे, आणि प्रत्येक संस्थेला ती पाहुण्यांच्या डोक्यावर पाहायची असते. ती आधीच बांधून तयार असते, फेट्यासारखी जागेवर सैल-घट्ट करता येत नाही. म्हणून डोक्याचं माप आधी मागवा. मोठ्या डोक्यावर छोटी पगडी नुसती टेकवली की पाहुणे पुढचा अर्धा तास मान ताठ धरून बसतात, आणि सगळ्या छायाचित्रांत ते अवघडलेपण दिसतं. माप मिळालं नाही, किंवा पाहुण्यांनी डोकं झाकलेलं असेल, पगडी त्यांची स्वतःची असेल, किंवा डोक्याला हात लावणं त्यांच्याकडे गैर मानलं जात असेल, तर पगडी तबकात ठेवून दोन्ही हातांनी द्या. स्वतःहून घातली तर उत्तम. शाल पांघरताना बाईंना बाईंनी, असा साधा दंडक पाळा.

सहावी पायरी: व्यासपीठ

केंद्र सरकारच्या अग्रक्रमाच्या यादीत राजदूत आणि उच्चायुक्त आठव्या स्थानावर येतात. आपल्या राज्यात राज्यपाल चौथ्या आणि मुख्यमंत्री सातव्या स्थानावर असतात, म्हणजे हे दोघं असतील तर मान त्यांचा आधी. राज्याचे मंत्री राजदूतांच्या नंतर. ही यादी राजकीय आणि समारंभी प्रसंगांसाठी आहे. तुमच्या संस्थेच्या घरगुती कार्यक्रमात अध्यक्ष मध्ये आणि राजदूत त्यांच्या उजव्या हाताला, एवढं पाळलं की पुरे. दोन देशांचे राजदूत एकत्र येणार असतील तर देशाचं वजन बघू नका. ज्यांनी परिचयपत्र आधी सादर केलं ते आधी. ही तारीख दूतावास सांगतो.

समई. बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर ज्योत पेटवायला लावणं ही खरं तर मोठी अडचणीची गोष्ट आहे, म्हणून तिची तयारी जिवापाड करा. वाती आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवा, कोरडी वात पटकन पेट घेत नाही आणि घेतली तर भडकते. वातीची टोकं अर्धा इंच बाहेर. पाहुणे येण्याआधी एक वात पेटवून, काजळी झटकून, विझवून ठेवा. दुसऱ्या वेळी ती लगेच धरते. शेजारी एक निरांजन आधीपासून तेवत ठेवा, त्यावरून काकडा पेटवून पाहुण्यांच्या हाती द्यायचा. आगपेटी त्यांच्या हातात नको. व्यासपीठावरचे पंखे त्या दोन मिनिटांसाठी बंद करणारा माणूस नेमून ठेवा, आणि एसीचा झोत समईवर येतो का हे आधी मेणबत्ती धरून बघा. पादत्राणं काढायची असतील तर तसं आधी कळवा आणि जवळ एक खुर्ची ठेवा. नाडीचे बूट उभ्याने, सगळ्यांच्या नजरेसमोर सोडायला लावणं ही शिक्षा आहे. ज्यांना दीपप्रज्वलन करायचं नसेल त्यांच्यासाठी रोपाला पाणी घालण्याचा पर्याय ठेवा.

भाषणं कमी ठेवा. प्रास्ताविक चार मिनिटं, परिचय दोन मिनिटं, पाहुणे, आभार. परिचयात पदव्यांची यादी वाचण्यापेक्षा त्यांच्या देशाचा पुण्याशी असलेला एखादा धागा सांगा, आणि असे धागे इथे भरपूर आहेत. जपानचे राजदूत असतील तर सिंहगड रस्त्यावरची ओकायामाच्या मैत्रीतून घडलेली बाग. जर्मनीचे असतील तर ब्रेमेन शहराशी असलेलं जुनं नातं, ज्याचं नाव औंधच्या चौकाला आहे. सुदानचे असतील तर प्रबोधिनीतली सुदान ब्लॉक ही घुमटाची इमारत: दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते, त्यातला फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेला पैसा तिथे लागला. इस्रायलचे असतील तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. एखादी विद्यार्थिनी पाहुण्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलली तर सभागृहाचं वातावरण पालटतं. तिची वाक्यं त्या भाषेच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

सातवी पायरी: पंगत

'तुमचा धर्म कोणता' हे विचारायचं नाही. 'काय चालत नाही आणि कशाची अॅलर्जी आहे' हे विचारायचं. पुण्याच्या स्वयंपाकात खरा धोका दाण्याच्या कुटाचा आहे. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, अगदी काही घरची आमटीसुद्धा. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आचाऱ्याला 'शेंगदाणे नाहीत ना?' विचारलं तर तो 'नाहीत' म्हणतो, कारण कूट त्याच्या लेखी शेंगदाणे नसतातच. शेंगदाण्याच्या अॅलर्जीने माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून विचारताना 'कूट कशाकशात आहे?' असं विचारा, आणि तेल कोणतं तेही.

बाकी मसालेभात, अळूवडी, पुरणपोळी, मठ्ठा असा बेत कुणालाही आवडतो. प्रत्येक पदार्थासमोर नाव आणि त्यात काय आहे याची छोटी पाटी. वाढप्याला सांगा की 'नको' म्हटल्यावर आग्रह करायचा नाही. आग्रह हा आपला प्रेमाचा भाग आहे हे मान्य, पण ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना ताटात अन्न टाकण्याची लाज वाटते. चमचे-काटे ठेवा, आणि हाताने जेवायचं असेल त्यांच्यासाठी हात धुण्याची सोय जवळ असू द्या.

आठवी पायरी: भेटवस्तू आणि नंतर

बऱ्याच देशांत अधिकाऱ्याने किती किमतीची भेट स्वीकारावी यावर मर्यादा असते. महागडी पैठणी देऊन पाहुण्यांना अडचणीत टाकू नका, ती सरकारी खजिन्यात जमा करावी लागते किंवा नम्रपणे परत येते. तांबट आळीतलं ठोक्याचं छोटं तांब्याचं भांडं, सावंतवाडीची गंजिफा किंवा संस्थेचं प्रकाशन यांपैकी काहीही छान. भेट एका हाताने उचलता येईल अशी असावी. श्रीफळ द्यायचंच असेल तर मान म्हणून हाती द्या आणि लगेच संस्थेच्या माणसाने ते सांभाळावं. विमानात नारळ नेताना अडचण येते. चकचकीत चौकटीतलं मोठं सन्मानचिन्ह तर नकोच, ते पाहुण्यांच्या सामानात मावत नाही.

ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र दूतावासाला आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाला, दोघांनाही. निवडक आठ-दहा छायाचित्रं, त्यांत कुणाचे डोळे मिटलेले नाहीत आणि ध्वज व्यवस्थित दिसतो आहे हे बघून. छायाचित्रं समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यांची संमती घ्या. आणि एक वही उघडा: नावाचा उच्चार, जेवणातलं काय चाललं नाही, पगडीचं माप, समईला किती वेळ लागला, कोणत्या अधिकाऱ्याशी बोलणं झालं, त्यांचा दूरध्वनी. राजदूत साधारण तीन-चार वर्षांनी बदलतात, दूतावासातले स्थानिक कर्मचारी मात्र तेच राहतात. पुढचे राजदूत येतील तेव्हा पहिला फोन त्यांनाच करा.